पेल्याचं बूड वाचणारे नाना

कुणाच्याही घरी पाणी प्यायले की नाना रिकामा पेला उलटा करायचे. चष्मा कपाळावर चढवायचे आणि पेल्याचं बूड डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचायचे. बूड कोरं निघालं तर कड वाचायचे. घरातल्या बाईला वाटायचं, भांड्याला काही लागलेलं राहिलं की काय. ती चपापून पदरानं हात पुसत उभी राहायची. नाना पेला परत द्यायचे आणि म्हणायचे, "मावशीनं दिला वाटतं वास्तुशांतीला."

त्यात जादू काही नव्हती. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात आल्यासारखं वाटत नाही. लग्न असो, डोहाळजेवण असो, नाहीतर नवीन घर असो, आलेल्या प्रत्येक पेल्यावर, ताटावर, डब्यावर कुणी, कुणाला आणि कशाबद्दल दिलं ते कोरलेलं असतं. आपण ते आयुष्यभर घासतो आणि कधी वाचत नाही. नाना वाचायचे.

नाना विम्याचे सर्व्हेअर होते. घराला आग लागली, वादळात पत्रे उडाले, चोरी झाली, की भरपाई मागणाऱ्याच्या घरी कंपनी ज्याला पाठवते तो माणूस. लोक त्यांना कंपनीचा माणूस समजायचे आणि कंपनीतले लोक त्यांना लोकांचा माणूस म्हणायचे. नाना दोघांनाही एकच सांगायचे, "मी तुमचा नाही आणि त्यांचाही नाही. जे नुकसान झालं, त्याचा मी." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की शेवटी शेवटी मला ऐकायचा कंटाळा आला होता. आज कुणी म्हणून दाखवलं तर बरं वाटेल.

जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. तिथं मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. पण मी त्यांना त्याआधीपासून ओळखत होते, कारण आमचं धुळ्याचं जळालेलं घर त्यांच्या वहीत होतं. ते सांगण्याआधी त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं.

वहीसोबत दोन पेनं असायची. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ते निळ्या शाईत लिहायचे आणि लोकांनी सांगितलेलं लाल शाईत. बहुतेकांच्या घरची पानं लालभडक व्हायची. लोक भराभर सांगत राहायचे, नाना लाल पेनानं निमूटपणे लिहीत राहायचे, आणि लोकांना वाटायचं आपलं काम झालं. रिपोर्ट मात्र निळ्यातूनच तयार व्हायचा. लालातलं एखादं वाक्य निळ्यात घ्यायचं असेल तर त्यासाठी ते चार-चार चकरा मारायचे, पावत्या शोधायला लावायचे, जुने लग्नाचे अल्बम काढून मागच्या कपाटाचे फोटो बघत बसायचे. नवरानवरीकडे त्यांचं लक्ष नसायचं.

पिशवीत चिंचेचा गोळा असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, नानांना डोहाळे लागल्यासारखी चिंच खायची सवय आहे. ती काजळी धरलेली भांडी घासायला असायची. जेवणाचा डबा स्वतःचा. नुकसान झालेल्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, फक्त पाणी. यावलला एकानं वादळात छप्पर गेल्यावरही जबरदस्तीनं केळ्यांची फणी डिकीत कोंबली, तर नाना अर्ध्या रस्त्यातून परत फिरले आणि त्याच्या ओट्यावर ती ठेवून आले. स्कूटरचं पेट्रोल त्यात गेलं ते वेगळंच.

त्या यावलच्या माणसासाठी त्यांचा जीव कळवळला होता. त्यानं हप्ता कमी बसावा म्हणून घराची किंमत अर्धीच लिहिली होती. तो म्हणाला, नाना, वारा काय अर्ध्याच घरात शिरला का? नानांनी त्याला अंगणात बसवून समजावलं, की दहा खोल्यांचं घर असताना पाच खोल्यांपुरताच विमा काढला, तर एक खोली पडली तरी भरपाई अर्ध्या खोलीचीच मिळते. त्याला पटलं की नाही कोण जाणे. परत येऊन ऑफिसात शिरता शिरता नाना मला म्हणाले, हे लोकांना आधी का सांगत नाही कुणी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ते सांगायला सुरुवात केली, त्यात खालच्या दुकानात नळी घ्यायला आलेले शेतकरीही सुटले नाहीत.

कुणी लबाडी केली की मात्र त्यांना चेव यायचा. बोदवडला एका व्यापाऱ्याच्या घरात पाणी शिरलं. घरसामानाच्या यादीत त्यानं उडदाची चाळीस पोती लिहिली. घरसामानाच्या विम्यात दुकानाचा माल बसत नाही, त्याला वेगळा विमा लागतो. व्यापारी म्हणाला, साहेब, घरात खायलाच ठेवली होती. नानांनी विचारलं, घरात माणसं किती? चार. नानांनी पिशवीतून डबा काढला, पाटावर मांडी घातली आणि म्हणाले, "वाढा मग. एवढं खाणारं घर मी पाहिलेलं नाही." व्यापारी स्वतःच हसायला लागला आणि त्यानं ती ओळ खोडली.

आता आमचं घर.

आखाजीला पाच दिवस राहिले होते. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण, आणि माझ्या मोठ्या बहिणीची लग्नानंतरची ती पहिली आखाजी होती. ती सासूला घेऊन येणार होती. एका दुपारी कूलरच्या वायरीनं पेट घेतला. बाबा एसटीच्या डेपोत कामावर, मी कॉलेजात, आई शेजारी शेवया करायला गेलेली. बंब यायच्या आत गल्लीतल्या लोकांनी टँकरचं पाणी मारून आग विझवली म्हणून बंबाला नको सांगून टाकलं. मधली खोली आणि स्वयंपाकघर गेलं. कोळशासारखी भिंत आणि त्यात वाकडातिकडा झालेला फ्रिज, एवढं मला आठवतं.

मग आमच्या लोकांनी जे केलं ते फक्त आमचेच लोक करू शकतात. मामा, मावश्या, शेजारणी असे सगळे मिळून दोन दिवसांत घर धुऊन काढलं. भिंतींना चुना दिला. जळकं सामान हातगाडीवर घालून भंगारवाल्याकडे लावून दिलं. पहिल्यांदा येणाऱ्या विहीणबाईंच्या नजरेला जळकं घर पडू द्यायचं नव्हतं. फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. जळक्या घराचे फोटो काय काढायचे, असं मावशी म्हणालीही.

घरासाठी बँकेचं कर्ज होतं आणि त्यासोबत विमा होता, हे बाबांना तिसऱ्या दिवशी आठवलं. विमा भिंतींचाही होता आणि आतल्या सामानाचाही. बाबांनी कंपनीला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक किडकिडीत माणूस स्कूटरवरून जळगावहून आला. पांढऱ्याशुभ्र खोलीत उभा राहून तो चारी बाजूंना बघत राहिला. चुन्याचा वास अजून गेला नव्हता.

"आग कुठे लागली होती?" त्यांनी विचारलं.

बाबांनी चुन्याकडे बोट दाखवलं. बाबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या क्षणी त्यांना कळलं, की आपण आपल्या हातानं सगळा पुरावा पुसून टाकला आहे. ती भरपाई नाही मिळाली तर घर पुन्हा उभं करायला बाबांकडे काहीही नव्हतं. बहिणीच्या लग्नात सगळं संपलं होतं.

नाना ओरडले नाहीत. पाणी मागितलं. शेजारून आणलेल्या पेल्यात आईनं पाणी दिलं. त्यांनी बूड वाचलं आणि म्हणाले, हा तुमचा नाही. मग खिशातून नाणं काढून भिंतीवर ठोकत ठोकत खोलीभर फिरले. जिथं आगीची धग लागली होती तिथं गिलावा आतून सुटला होता आणि आवाज बद्द यायचा. बटणांच्या पाटीमागं त्यांनी किल्लीनं चुना खरवडला, बोटावर आलेली काजळी हुंगली आणि निळं पेन काढलं. अशा रीतीनं भिंती वहीत गेल्या. सामानाचं काय, ते आता कोण सांगणार?

बाबांनी यादी पुढे केली. कॉलनीतल्या एका जाणकारानं त्यांना सांगितलं होतं, की कंपनी कापतेच, तेव्हा दोन वस्तू जास्त लिहा. म्हणून यादीत वॉशिंग मशीन होतं. आमच्याकडे वॉशिंग मशीन कधीच नव्हतं, कपडे आई मोरीत दगडावर धुवायची. नाना यादी आणि बाबांना घेऊन मोरीत गेले. दगड बघितला, नळ बघितला, आणि कागद घडी करून बाबांच्या खिशात परत ठेवला.

"ही यादी मी पाहिलेली नाही. हे मी लाल शाईतसुद्धा लिहिणार नाही. खोटी एक वस्तू सापडली तर खऱ्या शंभर बुडतात. दुसरी यादी करा, आणि अक्कांना सांगू द्या," आईकडे बघून ते म्हणाले.

बाबांनी मान खाली घातली. मला तेव्हा त्या माणसाचा रागच आला होता. आपल्या वडलांना असं कुणी मोरीत उभं करून शिकवलेलं कुणाला आवडेल? त्यानं त्या दिवशी माझ्या वडलांना वाचवलं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तो कागद त्यांनी नुसता वहीत ठेवला असता, तरी आमची भरपाई तिथंच संपली असती.

मग नानांनी भंगारवाल्याचा पत्ता विचारला. आई आणि मी रिक्षानं, नाना पुढे स्कूटरवर. भंगारवाल्याचा ट्रक आठवड्यातून एकदाच भरायचा, त्यामुळे आमचा ढीग अजून कोपऱ्यात पडून होता. वाकडा फ्रिज होता, कूलरचा सांगाडा होता, टीव्हीचं वितळलेलं खोकं होतं, आणि वाकलेली, काळी ठिक्कर पडलेली भांडी. नानांनी पिशवीतून चिंच काढली, रुमाल ओला केला आणि उकिडवे बसून भांडी घासायला लागले. विम्याचा साहेब भंगारात बसून भांडी घासतोय, हे बघायला आजूबाजूची दुकानं गोळा झाली.

एकेका भांड्याखाली अक्षरं वर यायला लागली. मोठ्या मामाकडून, लग्नानिमित्त. आत्याकडून, बारशाला. डेपोतल्या मित्रांकडून, वास्तुशांतीबद्दल. आई एका उलट्या ड्रमवर बसली होती. प्रत्येक भांड्याला ती सांगायची, हा डबा कशाचा, त्यात काय असायचं, तो कुठल्या फळीवर असायचा. भांडी फळीवर येत गेली तशी मांडणी उभी राहिली, मांडणीमागून कपाट, कपाटातून साड्या, आणि दीड तासात सगळं स्वयंपाकघर नानांच्या वहीत उभं राहिलं. भांडी निळ्यात, बाकीचं लालात.

ढिगाखालून एक मोठं पितळी घंगाळ निघालं. चांगलं जाडजूड, थोडंसंच काळवंडलेलं. भंगारवाल्याला आमची दया आली असावी. तो म्हणाला, अक्का, हेही तुमचंच धरा, कोण बघतंय. घंगाळावर नाव नव्हतं. ते कुणाचंही असू शकत होतं, आमचंही. नाना आईकडे बघत राहिले. आईनं घंगाळ उलटं केलं, सुलटं केलं आणि बाजूला सरकवलं.

"हाई आमनं नही शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "आमना बठ्ठा भांडासवर नाव शे." म्हणजे आमच्या सगळ्या भांड्यांवर नाव आहे.

नानांनी वही मिटली. मग परत उघडली आणि आईला म्हणाले, आता ज्याचं भांडं नाही, जे जळून राख झालं, ते सांगा. गाद्या, कपडे, जे असेल ते. आई सांगत गेली. सगळ्यात शेवटी ती गोधडीवर आली. तिच्या आईनं, वारली त्याच वर्षी, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी तिला शिवून दिली होती. ती मधल्या खोलीत ट्रंकेवर होती. आईनं दोन्ही हात पसरून ती केवढी होती ते दाखवलं. मग तिला रडू आलं. आगीच्या दिवसापासून ती पहिल्यांदा रडत होती.

"मनी मायना हातनी व्हती," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "अक्का, गोधडीची किंमत मला लावता येईल, चिंध्यांच्या भावानं. पण तुम्ही जे सांगताय त्याची भरपाई पॉलिसीत नाही. तरी लिहून घेतो." आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

आईनं सांगितलेली दुसरी यादी मी लिहून काढली, ती कंपनीला गेली आणि आमची भरपाई मिळाली. सगळी नाही. फ्रिज नऊ वर्षांचा होता म्हणून त्याची झीज नानांनी निर्दयपणे कापली, टीव्हीचीही कापली. चुना दिल्यामुळे भिंतीचा नीट अंदाज येत नव्हता तिथं त्यांनी आमच्या बाजूनं एक इंचही झुकतं माप दिलं नाही. पण वायरिंग झालं, गिलावा झाला, स्वयंपाकघर झालं. आईनं पेढ्यांचा पुडा घेऊन बाबांना जळगावला पाठवलं, तो पुडा बाबांबरोबर त्याच एसटीनं परत आला. निरोप होता, पेढे नकोत, दुसरी यादी ज्या मुलीच्या अक्षरात आहे तिला काम हवं असेल तर पाठवा.

म्हणून मी गेले. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मला पिंपळनेरला नेलं. घराची एक भिंत पडली होती आणि मालक पावसाचं नाव घेत होता. नानांनी मला पडलेल्या लाकडी चौकटीला कान लावायला लावला. आतून वाळवीचा कुरकुर आवाज येत होता. वर्षानुवर्षं पोखरलेलं विम्यात येत नाही, अचानक झालेलं येतं. मालकाला ते मी सांगावं असं त्यांनी ठरवलं. माझा आवाज कापत होता. परतताना ते म्हणाले, नाही सांगतानाच आवाज कापावा, हो सांगताना नाही. मी हे त्यांच्याकडून शिकले, आणि बरंच काही. घरातल्या सामानाची यादी करायची, दागिने असतील तर वेगळे लिहायचे, आणि यादीची एक प्रत घराबाहेर कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची. घरासोबत यादीही जळली तर उपयोग काय? हे ते प्रत्येकाला सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या घरची प्रत त्यांनी माझ्याकडे दिली होती. अर्ध्या पानाची होती. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दोन ताटं, चार पेले, एक पलंग, एक रेडिओ.

ऑफिसातल्या जुन्या वह्या लावताना एकदा आमची वही हाताला लागली. मी आमचं पान काढलं. गोधडी शेवटच्या ओळीत होती: 'गोधडी, एक. आईच्या हातची.' किमतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'भरपाई नाही.' आणि ती ओळ निळ्या शाईत होती.

मी नानांना वही दाखवली. म्हटलं, हे चुकलं तुमचं. गोधडी तर राख झाली होती, तुम्ही पाहिलीच नाही. हे लालात पाहिजे होतं.

नानांनी चष्मा वर केला, ओळ वाचली. "पाहिली की," ते म्हणाले. "तुझी आई हात पसरून दाखवत होती ना, केवढी आहे ती."

मी ते घरी आईला सांगितलं. त्यानंतर ती दरवर्षी विचारायची, नाना सर्व्हेअरचा परवाना कधी सोडणार. कारण त्यांच्याकडे परवाना असेपर्यंत ते आमच्याकडून काही घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि त्यांनी परवाना सोडला. ऑफिसची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

त्याच आठवड्यात आई धुळ्याच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि तिनं एक तांब्या घेतला. नाव घालणाऱ्यानं काय घालायचं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग आम्ही दोघी एसटीनं जळगावला गेलो.

नाना खाटेवर बसले होते. आईनं पिशवीतून तांब्या काढला, त्यांच्याच माठातलं पाणी भरलं आणि पुढे धरला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. नाही म्हणायची इतक्या वर्षांची सवय ओठांपर्यंत आलेली मला दिसली. पण परवाना नव्हता, आणि समोर पाणी होतं. ते सगळं पाणी प्यायले. मग सवयीनं त्यांनी तांब्या उलटा केला आणि चष्मा कपाळावर चढवला.

खाली कोरलं होतं: 'नानांस. गोधडीबद्दल.'

ते बराच वेळ वाचत होते. दोनच शब्द होते. मग त्यांनी मला कपाट उघडायला सांगितलं. दाराच्या आतल्या बाजूला त्यांची यादी चिकटवलेली होती. गुडघे दुखत होते तरी ते उठले, पेन काढलं आणि रेडिओच्या खाली एक ओळ लिहिली. आईला चष्म्याशिवाय दिसेना. तिनं मला विचारलं, काय लिहिलं.

मी वाचून दाखवलं, "तांब्या, एक. अक्कांनी दिलेला. भरपाई नाही."

"बराबर लिखेल शे," आई म्हणाली.

नाना खाली बसले आणि मला म्हणाले, तुझ्याकडच्या प्रतीतही लिहून ठेव, आजच. मी पर्समध्ये निळं पेन शोधायला लागले.